‘बेलवेदर’: एका इंग्रजी सामासिक शब्दाची व्युत्पत्ती, उपयोग व अध्यापन

इंग्रजी वृत्तपत्रांतील बाजारभावाचे किंवा निवडणुकांचे वृत्त वाचताना शिक्षकांच्या दृष्टीस अधूनमधून ‘बेलवेदर’ हा शब्द पडतो. तो नित्याचा नाही. शालेय पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच आढळतो आणि लहान शब्दकोशांत तर पुष्कळदा सापडतही नाही. वाचणारा संदर्भावरून ‘आगाऊ सूचना देणारे काहीतरी’ असा अर्थ काढून पुढे जातो. लिहिण्याची वेळ आली की मात्र अनेकांचे पाऊल घसरते. ‘बेल’ म्हणजे घंटा आणि ‘वेदर’ म्हणजे हवामान, अशी मनाशी फोड करून शब्द लिहिला जातो व तो चुकतो. ही चूक इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे अशा सुशिक्षितांच्या लेखनातही आढळते.

ह्या शब्दात हवामानाचा कोठेही संबंध नाही. त्यात आहे तो एक मेंढा. हा मेंढा एकदा ओळखीचा झाला की शब्दाचा अर्थ, त्याचे लेखन व त्याचा उपयोग ह्या तिन्ही गोष्टी एकत्रच हाती येतात. सामासिक शब्द पाठ करून घेण्याऐवजी तो उकलून दाखविणे का हितावह आहे, ह्याचे हे उत्तम उदाहरण असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा सविस्तर विचार केला आहे.

१. शब्दाचे दोन घटक

‘बेलवेदर’ हा शब्द ‘बेल’ आणि ‘वेदर’ ह्या दोन नामांचा बनला आहे. पहिल्या घटकाविषयी अडचण नाही. शाळेची घंटा ती हीच. दुसरा घटक डब्ल्यू-ई-टी-एच-ई-आर असा लिहितात. त्यात ‘ए’ हे अक्षर नाही. ह्या ‘वेदर’चा अर्थ खच्ची केलेला मेंढा. आपल्याकडे वळू आणि बैल ह्यांत जो भेद आहे, तोच इंग्रजीत ‘रॅम’ आणि ‘वेदर’ ह्यांत आहे. आज हा सुटा शब्द मेंढपाळ, पशुपैदासकार व पशुवैद्य ह्यांच्या व्यवहारापुरता उरला आहे. शहरातील सामान्य इंग्रज मनुष्यालाही तो सहसा ठाऊक नसतो. घटक विस्मृतीत गेला, पण समास जिवंत राहिला. लेखनातील चुकीचे मूळ येथेच आहे.

मेंढरांच्या कळपात पुढे चालण्यासाठी नेमका हाच प्राणी का निवडीत, हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण वाढीचा मेंढा माजावर आला की झुंजू लागतो व कळपाची घडी मोडतो. मेंढीचे लक्ष कोकरांकडे असते. खच्ची केलेला मेंढा मात्र शांत असतो, माणसाळतो, हाक ओळखतो आणि लोकरीसाठी कित्येक वर्षे पाळला जात असल्याने वाटा, पाणवठे व कुरणे त्याच्या परिचयाची होतात. अशा मेंढ्याच्या गळ्यात इंग्रज मेंढपाळ घंटा बांधीत. तो मेंढपाळाच्या मागे चाले आणि घंटेच्या नादामागे सारा कळप चाले. दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांवर धुके दाटले किंवा कळप उतारापलीकडे गेला, तरी नादावरून तो कोठे आहे व कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे मेंढपाळाला बसल्या जागी कळे. कळप दिसत नसतानाही त्याचा रोख कळणे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी; शब्दाचा आजचा अर्थ तिच्यातूनच निघाला आहे.

मेंढरांची ही अनुकरणाची वृत्ती किती प्रबळ असते, हे २००५ साली तुर्कस्तानातील गेवाश ह्या गावाजवळ घडलेल्या घटनेवरून दिसून येते. तेथे एका मेंढीने कड्यावरून उडी घेतली आणि तिच्यामागोमाग सुमारे दीड हजार मेंढ्यांनी उड्या घेतल्या. त्यांत चारशेहून अधिक मेल्या. संस्कृत पंडितांनी अशा आंधळ्या अनुकरणाला ‘गड्डलिकाप्रवाह’ म्हणजे मेंढरांचा लोंढा असे नावच देऊन ठेवले आहे.

२. समासाचा विग्रह

मराठी व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकांना ह्या शब्दाची घडण अपरिचित वाटू नये. ‘पुरणपोळी’ म्हणजे पुरण आणि पोळी नव्हे. पुरण घालून केलेली पोळी. ‘साखरभात’ म्हणजे साखर घालून केलेला भात. दोन पदांमधील संबंध दाखविणारी पदे गाळली गेल्यामुळे अशा समासाला आपण मध्यमपदलोपी समास म्हणतो. ‘बेलवेदर’ म्हणजे घंटा बांधलेला मेंढा. येथेही ‘बांधलेला’ हे मधले पद लोप पावले आहे.

इंग्रजीतील बहुसंख्य सामासिक नामे ह्याच जातीची आहेत. त्यांत दुसरे पद मुख्य असते आणि पहिले पद त्याचे वर्णन करते. परंतु दोहोंमधील दुवा प्रत्येक शब्दात निराळा असतो. ‘विंडमिल’ म्हणजे वाऱ्याने चालणारी चक्की. ‘टीकप’ म्हणजे चहा पिण्याचा पेला. ‘रेनकोट’ म्हणजे पावसापासून रक्षण करणारा कोट. ‘मिल्कमन’ म्हणजे दूध घालणारा मनुष्य, आणि ‘फायरमन’ म्हणजे आग विझविणारा मनुष्य. ‘मिल्कमन’च्या धर्तीवर ‘फायरमन’चा विग्रह केला, तर आग पुरविणारा असा भलताच अर्थ होईल! तेव्हा केवळ दोन पदांचे अर्थ ठाऊक असून भागत नाही. लोप पावलेला दुवा शोधावा लागतो.

हा दुवाच लेखनाची कसोटीही ठरतो. ‘घंटा बांधलेला मेंढा’ ह्या विग्रहात अर्थ आहे. ‘घंटा’ आणि ‘हवामान’ ह्यांच्यामध्ये कोणतेही पद घालून पाहिले तरी सरळ अर्थ लागत नाही. जो विद्यार्थी विग्रह करून पाहील, त्याच्या लेखणीतून येथे ‘ए’ हे जादा अक्षर उतरणार नाही.

३. ‘वेदर’ आणि ‘वासरू’

‘वेदर’ ह्या घटकाचा इतिहास मराठी शिक्षकांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन केले. पुढील काळातील अभ्यासकांनी इंग्रजीचे व जर्मनचे नातेही ह्याच कुळाशी जोडून दाखविले. ह्या कुळातील ‘वर्ष’ ह्या अर्थाच्या एका प्राचीन धातुरूपापासून संस्कृतात ‘वत्सर’ व ‘संवत्सर’ हे शब्द आले. त्याच रूपापासून ‘वत्स’ हा शब्द झाला; त्याचा मूळ अर्थ एक वर्षाचे पिलू. लॅटिनमधील वासराचे नाव ‘विटुलुस’ हे त्याच घराण्यातले, आणि जुन्या इंग्रजीतील ‘वेदर’ हेही त्याच घराण्यातले मानले जाते.

आपले ‘वासरू’ संस्कृत ‘वत्सरूप’ ह्यावरून आले. ‘मत्स्य’चा जसा ‘मासा’ झाला, तसाच ‘वत्स’चा ‘वास’ झाला. गाईच्या मनात वत्साविषयी जी ओढ असते, तिच्यावरून ‘वत्सल’ व ‘वात्सल्य’ हे शब्द बनले. अर्थात वसुबारसेला गोठ्यात पूजिले जाणारे वासरू, पाडव्याला पंचांगात वाचले जाणारे संवत्सराचे नाव आणि इंग्लंडच्या टेकडीवरील घंटेचा मेंढा, हे तिन्ही शब्द एकाच मुळापासून फुटलेले आहेत.

येथे एक इशारा अगत्याचा आहे. दोन शब्दांचा ध्वनी सारखा दिसला म्हणजे ते सगोत्र असतात, असे समजू नये. ‘बदनाम’, ‘बदफैली’ ह्यांतील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ ह्यांचा अर्थ व उच्चार दोन्ही जुळतात, तरी त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. नाते ठरते ते ध्वनींच्या नियमित जुळणीवरून. संस्कृत ‘त’च्या जागी इंग्रजीत ‘टी-एच’ येतो, हे ‘त्रि’ व ‘थ्री’, ‘भ्रातृ’ व ‘ब्रदर’ ह्या जोड्यांत स्पष्ट दिसते. ‘वत्स’ व ‘वेदर’ ह्यांची जुळणीही ह्याच नियमाने होते. म्हणून ती स्वीकारावयाची.

४. तीन ‘वेदर’

उच्चाराने सारखे, परंतु लेखनाने व अर्थाने भिन्न असे तीन शब्द इंग्रजीत आहेत. देवनागरीत ते तिन्ही ‘वेदर’ असेच लिहिले जात असल्याने आपल्या विद्यार्थ्यांचा घोटाळा अधिक होतो. शिक्षकांनी ते एकत्र मांडून दाखवावेत.

(अ) मेंढ्याचा वेदर: डब्ल्यू-ई-टी-एच-ई-आर. संस्कृतातील आप्त ‘वत्स’.

(आ) हवेचा वेदर: डब्ल्यू-ई-ए-टी-एच-ई-आर. ह्याचे मूळ ‘वाहणे’ ह्या अर्थाच्या धातूत असून संस्कृतातील ‘वात’ व ‘वायु’ हे त्याचे आप्त होत.

(इ) प्रश्नाचा वेदर: डब्ल्यू-एच-ई-टी-एच-ई-आर. ‘असे की तसे’ हा विकल्प दाखविणारा. संस्कृतातील ‘कतर’ म्हणजे ‘दोहोंपैकी कोणता’ हा त्याचा आप्त.

जुन्या इंग्रजीत हे तीन शब्द ऐकण्यातही वेगळे होते. हवेच्या वेदरमध्ये त्या काळी ‘टी-एच’ नव्हता, ‘डी’ होता. ‘फादर’ व ‘मदर’ ह्या शब्दांतही पूर्वी ‘डी’च होता, पुढे मध्ययुगाच्या अखेरीस तिन्हींत ‘टी-एच’ आला. प्रश्नाच्या वेदरच्या आरंभी हकार स्पष्ट उच्चारला जाई. काळाच्या ओघात उच्चार एकमेकांत मिसळले. लेखनाने मात्र जुना भेद राखून ठेवला. इंग्रजीचे शब्दलेखन नेहमीच निष्कारण वाकडे नसते, पुष्कळदा त्यात इतिहास साठविलेला असतो, हे मुलांना सांगण्याची ही संधी आहे.

५. अर्थाचा प्रवास

हा शब्द इंग्रजीत सहा शतकांहून अधिक काळ वापरात आहे. आरंभी त्याचा अर्थ केवळ घंटेचा मेंढा असाच होता. लवकरच तो माणसांनाही लावला जाऊ लागला. ज्याच्यामागे इतर लोक विचार न करता जातात असा पुढारी, ह्या अर्थाने तो येई आणि त्यात बहुधा उपहास असे. शेक्सपियरने हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या दोन सुखात्मिकांत योजिला आहे. ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये विदूषक टचस्टोन व मेंढपाळ कोरिन ह्यांच्या संवादात तो प्रत्यक्ष मेंढ्याविषयी येतो, ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये फॉलस्टाफ एका मत्सरी नवऱ्याची संभावना ह्या शब्दाने करतो.

मराठीत ह्या अर्थच्छटेला जवळचा शब्द ‘म्होरक्या’ हा होय. ‘टोळीचा म्होरक्या’ असे आपण म्हणतो. ‘संतांचा म्होरक्या’ असे म्हणत नाही. ‘अग्रणी’ ह्या शब्दात जो आदर आहे, तो ‘म्होरक्या’त नाही, आणि जुन्या ‘बेलवेदर’मध्येही नव्हता.

विसाव्या शतकात शब्दाने आणखी एक वळण घेतले. नेतृत्व मागे पडले आणि घंटेच्या नादावरून कळपाचा रोख ओळखणे, हा भाग पुढे आला. आज ‘बेलवेदर’ म्हणजे एखाद्या मोठ्या समूहाची दिशा ज्याच्यावरून कळते असा निदर्शक. आता त्यात उपहास नाही.

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक १९८६ पासून प्रसिद्ध होतो. त्यात तीस कंपन्यांच्या भागभांडवलाच्या किमती विचारात घेतल्या जातात. त्यावरून एकंदर बाजाराचा कल अजमावितात. म्हणून इंग्रजी वृत्तपत्रे त्याला ‘बेलवेदर’ हे विशेषण जोडतात.

निवडणुकांच्या लेखनात तर हा शब्द रुळलाच आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील डार्टफर्ड मतदारसंघाने १९६४ पासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत, ज्या पक्षाचे सरकार आले त्याच पक्षाचा उमेदवार निवडून दिला. आपल्या राज्याच्या सीमेलगतच्या गुजरातमधील वलसाड ह्या लोकसभा मतदारसंघाची ख्यातीही अशीच आहे. १९९८ पासून २०२४ पर्यंतच्या सातही निवडणुकांत तेथे जिंकलेल्या पक्षाच्या नेतृत्वाखालीच केंद्रात सरकार स्थापन झाले.

परंतु निदर्शक हा कारण नव्हे. वलसाडने मत दिले म्हणून देशाने तसे मत दिले, असे कोणी म्हणणार नाही. निदर्शक कायमचा खरा ठरेल अशी हमीही नसते. अमेरिकेतील मिझुरी राज्याने १९०४ ते २००४ ह्या काळातील २६ अध्यक्षीय निवडणुकांपैकी १९५६ चा अपवाद सोडता प्रत्येक वेळी विजयी उमेदवारालाच कौल दिला होता. २००८ साली तो क्रम मोडला व पुढे मिझुरीची ती ख्याती राहिली नाही. मेंढा बदलला की कळपाचा रोख सांगणारी घंटाही बदलते.

६. जवळचे, परंतु वेगळे

अर्थ पक्का होण्यासाठी दोन मराठी म्हणींशी तुलना उपयोगी पडेल. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ह्या म्हणीतही एकावरून अनेकांचे ज्ञान होते. तथापि शीत हे भात आज कसा आहे ते सांगते. बेलवेदर हा समूह कोणीकडे चालला आहे ते सांगतो. एकात स्थिती कळते, दुसऱ्यात गती.

‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?’ ह्या म्हणीतही गळा आहे व घंटा आहे. परंतु ती घंटा ऐकून उंदरांनी पळावयाचे असते. मेंढ्याची घंटा ऐकून मेंढरांनी मागे यावयाचे असते. ह्या दोन घंटांची गल्लत होऊ देऊ नये.

७. वर्गातील उपयोग

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. शब्दांची ओळख त्यामुळे लवकर होते. परंतु शब्द घोकून घेण्याची प्रवृत्तीही लवकर जडते. सातवी-आठवीच्या वर्गांत सामासिक शब्दांसाठी एक तासिका पुढील क्रमाने घेता येईल. ‘बेलवेदर’ हा शब्द परीक्षेसाठी नसून उकल करण्याची रीत दाखविण्यासाठी आहे, हे आरंभीच स्पष्ट करावे.

(१) प्रथम पुरणपोळी, साखरभात, कांदेपोहे ह्यांचा विग्रह मुलांकडून करून घ्यावा.

(२) नंतर विंडमिल, टीकप, रेनकोट, मिल्कमन व फायरमन हे शब्द फळ्यावर लिहून प्रत्येकातील लोप पावलेले पद मुलांना मराठीतच सांगू द्यावे. निरनिराळी उत्तरे आल्यास ती तपासून पाहावीत. लगेच खोडू नयेत.

(३) त्यानंतर मेंढरांच्या कळपाविषयी चर्चा करावी. वर्गात धनगर कुटुंबातील मुले असल्यास माहिती त्यांच्याकडूनच घ्यावी: कळपात पुढे कोण चालते, वाट चुकल्यास काय होते, अंधारात कळप कसा ओळखतात. इंग्रजीच्या तासाला सहसा मागे बसणारे मूल ह्या वेळी सर्वांना सांगणारे होईल. आपल्या घरच्या ज्ञानाला इंग्रजीच्या तासातही किंमत आहे, हे त्याला कळणे दहा शब्द पाठ होण्याहून मोलाचे आहे.

(४) मग ‘बेलवेदर’ हा शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड करावी. वळू व बैल ह्यांचे उदाहरण दिल्यास ‘रॅम’ व ‘वेदर’ ह्यांतील भेद ग्रामीण मुलांना तत्काळ समजतो.

(५) शेवटी तीन वेदर शेजारी शेजारी लिहून ‘मेंढ्याचा, हवेचा, प्रश्नाचा’ ही खूण द्यावी आणि तिघांचा उपयोग करणारे एकेक सोपे वाक्य घ्यावे.

जोडअभ्यास म्हणून एक घटक विस्मृतीत गेलेले अन्य शब्द घेता येतील. इंग्रजी ‘कॉबवेब’ म्हणजे कोळ्याचे जाळे. त्यातील ‘कॉब’ हे कोळ्याचे जुने नाव आज कोणी वापरीत नाही. ‘मिडवाइफ’ म्हणजे सुईण. त्यातील ‘मिड’चा जुना अर्थ ‘सह’ आणि ‘वाइफ’चा जुना अर्थ नुसती ‘स्त्री’, म्हणून प्रसूतीच्या वेळी सोबत असणारी ती ‘मिडवाइफ’. मराठीतही ‘बाजारहाट’मधील ‘हाट’ आणि ‘कपडालत्ता’मधील ‘लत्ता’ हे शब्द एकटे क्वचितच ऐकू येतात. ‘हाट’ म्हणजे बाजारच, आणि ‘लत्ता’ म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. आपल्या गावच्या बोलीत असे शब्द कोणते आहेत, ते घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून आणण्यास मुलांना सांगावे. इंग्रजीच्या एका शब्दापासून निघालेला हा अभ्यास अशा रीतीने घरच्या भाषेपर्यंत पोहोचेल.

शब्दाचा अर्थ न उमगता त्याची अक्षरे पाठ करणे हेही एक प्रकारचे कळपामागून चालणेच होय. नाद ऐकू येतो, पण तो कोठून येतो हे मागच्याला ठाऊक नसते. शब्द उकलून पाहण्याची सवय मुलांना लागली, तर पुढे अपरिचित शब्द समोर आल्यावर ती इतरांच्या मागे न जाता आपल्या बुद्धीने त्याची वाट काढतील. इंग्रजी अध्यापनाचा तो खरा लाभ होय.